हसायचं मालवणीत, रडायचं कुठल्या भाषेत?

मागे आवाज येतोय तो समुद्राचा. हा एपिसोड मी कुणकेश्वरात, देवळामागच्या बाजूला बसून रेकॉर्ड केला, त्यामुळे वाऱ्याला सांभाळून घ्या.

विषय तसा सिनेमाचा. गेल्या काही वर्षांत बायकांच्या मैत्रीवरच्या मराठी सिनेमांना मस्त गर्दी झाली. २०२१ मध्ये ‘झिम्मा’, २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आणि ‘झिम्मा २’. वयाची विविधता तिथे खरंच आहे. सुहास जोशींपासून सायली संजीवपर्यंत सगळ्या एका सहलीत. दुसऱ्या भागात तर इंदूच्या पंचाहत्तरीचं निमित्त, म्हणजे आता किती वर्षं उरली हा प्रश्न मागे आहेच. मला दोन्ही आवडले. आजीला मोबाईलवर दाखवले, ती पण हसली. मग म्हणाली, "ह्येंच्यात आमच्यासारखी कोण नाय?"

मी म्हटलं, अगो, निर्मिती सावंत आहेत की! ग्रामीण वळणाचं बोलणारी बाई. आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, बरेचसे हशे तिच्याच वाट्याला.

आमच्या बोलीचं तर हे जुनंच आहे. दशावतारात बघा. संकासुर मालवणीत बोलतो, लोक लोळतात. राजा-राणी आले की भाषा एकदम भारदस्त, पुस्तकी. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, तरी ही वाटणी कोणी चुकत नाही. राणीने विलाप करायचा तो प्रमाण मराठीत. (आणि परंपरेने राणी म्हणजे पुरुषच, त्यामुळे दोन सख्यांची मैत्रीसुद्धा दोन बाप्येच करणार. अप्रतिम करतात, ती गोष्ट वेगळी.) १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मोठा मान मिळवून दिला. पण तोही हसण्यातूनच.

बरं, मरणाचं काय? २०१६ ची ‘रात्रीस खेळ चाले’ आठवा. सुरुवातच अण्णांच्या मरणाने. पण पुढे मरण म्हणजे भुताटकी. शेवंता आणि माई, दोन्ही जबरदस्त बायका, पण त्यांच्यामध्ये कायम अण्णा. थोडक्यात, पडद्यावर आमची बाई एक तर हसवते, नाहीतर घाबरवते. मैत्रीण गेली म्हणून रडत बसलेली मला तरी आठवत नाही.

प्रत्यक्षात मी पाहिलीय. आजीची मैत्रीण मासे विकायची. दोघी चाळीसेक वर्षं एकत्र देवगडच्या बाजाराला जायच्या. भांडायच्यापण रोज, कधी जागेवरून, कधी पाटीवरून. ती गेली तेव्हा आजी तिच्या उशाशी बसली आणि ओरडलीच, "न सांगताच गेलंस गो? आता बाजाराक माझ्यावांगडा कोण येतला? माझी कोयती तुझ्याकडेच रवली मगो!"

भोवतीच्या बायका रडता रडता हसल्या. आजीपण. आणि मग सगळ्या पुन्हा रडल्या, जास्त जोरात.

हा प्रसंग सिनेमात आला तर काय होईल, याचा मी खूप विचार करतो. कोयतीच्या वाक्यावर मागे गमतीचं संगीत वाजेल. किंवा कोणीतरी म्हणेल की प्रसंग गंभीर आहे, भाषा जरा साधी करा, आणि कोयती कापली जाईल. प्रतिनिधित्व म्हणजे पोस्टरवर एक कोळीण उभी करणं, असं मला वाटत नाही. तिला एकाच वाक्यात रडू आणि हसू द्यायचं, आणि ते वाक्य तिच्याच बोलीत ठेवायचं, एवढं झालं तरी पुष्कळ. २०२५ च्या ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या बाबुलीमुळे मालवणी म्हाताऱ्याचं दुःख पडद्यावर गंभीरपणे आलं. म्हणजे जमतं. आता बाबुलीच्या जागी दोन म्हाताऱ्या आणा.

कोयती मिळाली का, असं विचारणार असाल तर, हो. बाराव्या दिवशी मैत्रिणीची सून घेऊन आली. आजीने ती परत तिच्याच हातात दिली. म्हणाली, "तुझ्याकडेच रवांदे."