संगणक हळू चालतो, तेव्हा आधी पाट चालून पाहावा



ऊसनोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात एक तक्रार हमखास ऐकू येते. सभासद आपली लागणीची तारीख आणि तोडीचा क्रम पाहायला येतो, कारकून बटण दाबतो आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. एका वयस्क सभासदाने मला विचारले, "साहेब, कॉम्प्युटर सगळ्यांसाठीच हळू चालतोय, का आमच्यासाठीच?" प्रश्न मनाला लागला. नोंद दिसायला उशीर झाला की संशय येतो, आणि तोडीच्या क्रमावरचा विश्वास उडाला तर सहकारात राहिले काय? म्हणून हा विषय समजून घेऊ.

आपल्या नोंदी डेटाबेस नावाच्या मोठ्या रजिस्टरात असतात. आपण विचारलेला प्रश्न आधी वेब सर्व्हरकडे जातो. तो डेटाबेसकडून उत्तर आणून दाखवतो. उशीर झाला की पुष्कळ जण म्हणतात, "मोठं मशीन घ्या." पण शेवटच्या सरीला पाणी पोचत नसेल तर आपण लगेच मोटर बदलतो काय? आधी पाटाने चालत जातो आणि पाणी कुठे फुटले ते पाहतो. इथेही तसेच. वेळ वाटेत जातो, वेब सर्व्हरवर जातो, की डेटाबेसमध्ये, हे आधी मोजावे. डेटाबेसमध्येच जात असेल, तर पुढील क्रमाने पाहावे.

(१) रेंगाळणारे प्रश्न टिपावेत. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तशी यादी ठेवण्याची सोय आहे. पण ती मुळात बंद असते आणि चालू केली तरी १० सेकंदांहून जास्त वेळ घेणारेच प्रश्न टिपते. ही मर्यादा १ सेकंदावर आणावी.

(२) अशा प्रश्नापुढे 'एक्सप्लेन' हा शब्द लावावा. मग डेटाबेस उत्तर कसे शोधणार ते सांगतो. समजा, २,००,००० नोंदी आहेत आणि दहा नोंदींसाठी तो सगळे रजिस्टर चाळतोय, तर इंडेक्स म्हणजे अनुक्रमणिका हवी. तोडीची यादी गट आणि लागण तारीख यांवरून निघते, तेव्हा अनुक्रमणिकाही आधी गट, मग तारीख अशी लावावी. मात्र प्रत्येक रकान्याला ती नको. नवी नोंद केली की त्या सगळ्या दुरुस्त कराव्या लागतात. जादा युरियाने ऊस लोळतो, तशातली गत.

(३) खेपा मोजाव्यात. गावच्या ३०० सभासदांची यादी काढून मग प्रत्येकाचे क्षेत्र वेगवेगळे विचारले, तर ३०१ खेपा होतात. ३०० पोती खत एकेक करून डोक्यावरून कोण आणतो? एकाच प्रश्नात सगळे मागवावे.

(४) रांग पाहावी. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात एका वेळी १०० जोडण्याच घेतो. शिवाय ट्रॅक्टर काट्यावर उभा करून ड्रायव्हर चहाला गेला की मागची रांग खोळंबते. अर्धवट सोडलेला व्यवहारही तशीच नोंद अडवून धरतो. हंगामाचे मोठे अहवाल गर्दीच्या वेळी न काढता रात्री काढावेत.

एवढे करूनही भागले नाही, तरच मशीनवर पैसा घालावा. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. खताच्या चाचणीतही आपण हेच करतो.

सभासदांनीही तीन गोष्टी पाळाव्यात. नावाऐवजी सभासद नंबर सांगावा. नावाचा मधलाच तुकडा दिला तर साधी अनुक्रमणिका कामाला येत नाही. चक्र फिरत असताना पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. दर वेळी नवा प्रश्न रांगेत उभा राहू शकतो. आणि ऊसनोंदीची पावती जपून ठेवावी.

पडदा उशिरा उघडला म्हणून लागणीची तारीख बदलत नाही. तरीही शंका असेल तर पावती घेऊन गट ऑफिसात या, आणि समाधान झाल्याशिवाय उठू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी