पाककृती कुणाची?

मंडळी, आजचा प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो, पण आहे मालकीचा. एखाद्या संकेतस्थळावर आपण पाककृती उघडतो. आधी आजीची आठवण, मग जाहिरात, मग पावसाचं वर्णन, पुन्हा जाहिरात. साहित्य कुठंतरी तळाशी. म्हणून हल्ली पुष्कळ जण ती लिंक एआयला देतात आणि म्हणतात, ‘नुसतं साहित्य नि कृती काढून दे.’ ही चोरी झाली का?

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. तो कल्पनेला नव्हे, तिच्या मांडणीला संरक्षण देतो. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, हे प्रमाण कुणाच्याच मालकीचं नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’तल्या कृती घरोघरच्या वह्यांत उतरल्या, त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. पण तिथं पुस्तक कुणीतरी, निदान शेजारणीनं तरी, विकत घेतलेलं असे. इथं पैसे जाहिरातदार देतो, आणि देतो ते आपल्या नजरेचे. यंत्र पान वाचतं, जाहिरात बघत नाही.

२०२१ साली ‘रेसिपीझली’ नावाच्या संकेतस्थळानं गोष्टी आणि जाहिराती गाळून पाककृती देऊ केल्या. खाद्यलेखिका इतक्या संतापल्या की ते लगेच बंद करावं लागलं. त्याला एआयची गरजही नव्हती बरं का! शोधयंत्राला कळावं म्हणून अनेक पानांच्या पोटात साहित्य आणि कृती ठरावीक साच्यात वेगळी लिहून ठेवलेलीच असते. आणि पाल्हाळाचा दोष एकट्या वाचकाच्या उतावीळपणाचा नाही. पान लांबलं की जाहिरातींना जागा वाढते, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

जॉन लॉक या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो ते त्याचं होतं. मग पाककृतीत श्रम कुठं असतात? यादीत तर नक्कीच नाही.

आता आपल्या नागभीडकडचं बघा. पावसाळ्यात आपण वास्ते खातो, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. कच्च्या कोंबात असं द्रव्य असतं की त्यापासून सायनाइड तयार होतं. म्हणून कोंब बारीक चिरून, चांगले उकळून ते पाणी ओतून द्यायचं. साहित्याच्या यादीत हे कुठं येणार? येतं ते गप्पांतच, ‘आमची आजी पहिलं पाणी फेकून देई’ असं. ‘गोष्टी गाळ’ म्हटलं की नेमकं हेच वाक्य गळू शकतं. यंत्राला ती आठवण वाटते, आपल्याला मात्र ती कृतीच आहे.

आणि वास्त्यांवर लिहिणारीला पानामागे चार पैसे मिळायचे ते जाहिरातीतूनच. पानावर कुणी आलंच नाही तर ती पुढची रानभाजी कशाला लिहील? मग यंत्र तरी काय वाचणार?

घरच्या वापरापुरती रास्त नक्कल केली तर कायद्याचं कलम ५२ सूट देतं. कंपन्यांनी लाखो पानं यंत्राला पाजणं हा वेगळा मामला. एएनआय वृत्तसंस्थेनं ओपनएआयविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो याच अंगाचा. दोन्ही एका तागडीत तोलू नयेत, असं आमचं मत.

आम्ही काय करतो? मूळ पान उघडून एकदा सगळं वाचतो. मगच एआयला सांगतो, ‘थोडक्यात दे, पण भिजवणं, उकळणं, पाणी फेकणं, यातलं काही गाळू नको.’