ठोसा बसला, पुदिना उमटला

मारामारी सुरू होते आणि पडद्यावर रंगीत अक्षरं आदळायला लागतात. इथे रिमोट हातात हवा, कारण एकेक शब्द डोळ्यांसमोर क्षणभरसुद्धा टिकत नाही. थांबवत थांबवत पाहिलं की गंमत कळते. 'झफ' ठीक आहे, 'स्नह'ही ठोशाचा आवाज म्हणून खपून जाईल. पण पुढे 'न्यूट' येतो, म्हणजे पालीसारखा दिसणारा एक उभयचर. मग 'मिंट'. चक्क पुदिना!

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेच्या सातव्या सीझनमधला 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन' हा भाग २४ सप्टेंबर १९९५ रोजी दाखवला गेला. स्प्रिंगफिल्डमध्ये सुपरहिरोच्या सिनेमाचं शूटिंग येतं आणि गावकरी त्या कंपनीला लुटून लुटून भिकेला लावतात, अशी गोष्ट. सिनेमावाले सांगतात की जुन्या टीव्ही मालिकेतला आचरटपणा आम्हाला नको, आणि लगेच त्या मालिकेचा तुकडा समोर येतो; वरची मारामारी त्यातलीच. १९६६ ते १९६८ या काळात एबीसीवर चाललेल्या अ‍ॅडम वेस्टच्या 'बॅटमॅन'ची ती सहीसही टवाळी आहे.

माझ्यासारख्यांनी ही टवाळी आधी पाहिली, मूळ बॅटमॅन कितीतरी नंतर. त्यात खलनायकाच्या अड्ड्यावर कॅमेरा तिरका होतो, हाणामारीत 'पाव', 'झॅप' झळकतात. सुरुवातीला ही अक्षरं चालू दृश्यावरच उमटायची; पुढे खर्च वाचवायला नुसत्या रंगीत पाटीवर यायला लागली. हे सगळं बघताना सारखं वाटत होतं, यांनी सिम्पसन्समधून उचललंय की काय! अत्र्यांची 'झेंडूची फुले' आज हातात घेणाऱ्याचंही असंच होत असणार. ज्या कवींची टर उडवली, ते मागाहून भेटतात.

या भागातला सर्वांत चोख विनोद मात्र आम्लाचा. रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन झालाय रेनियर वुल्फकासल, म्हणजे आर्नोल्ड श्वार्झनेगरचा आडदांड अवतार. त्याला बांधून ठेवलंय. सल्फ्युरिक आम्लाची चाळीस फुटी लाट येणार आणि ती पोचायच्या आत साथीदार फॉलआउट बॉय त्याला सोडवणार, असा शॉट. आम्ल खरं आहे म्हणून दिग्दर्शक सगळ्यांना गॉगल लावायला बजावतो! इकडे फॉलआउट बॉयचं काम करणारा मिलहाऊस कंटाळून पळून गेलेला. लाट येते, नायक वाहून जातो, आणि त्याची तक्रार एवढीच की गॉगलचा काही उपयोग होत नाहीये. या विनोदाला बॅटमॅन ठाऊक असायची गरज नाही. सेटवर सुरक्षेच्या नावाखाली काय चालतं, एवढं ठाऊक असलं की पुरे.

जॉन स्वार्ट्झवेल्डरने हा भाग लिहिला. सिम्पसन्सच्या एका भागाचं लेखन, आवाजाचं रेकॉर्डिंग, स्टोरीबोर्ड हे अमेरिकेत होतं, चित्रांचं मुख्य काम दक्षिण कोरियात. सगळं मिळून सात-आठ महिने सहज जातात. या शुक्रवारी लागलेल्या सिनेमाची टिंगल करायला घ्यावी, तर ती पडद्यावर येईपर्यंत सिनेमा विस्मरणात गेलेला असतो. त्यामुळे तीस वर्षं लोकांच्या डोक्यात बसलेला बॅटमॅनच नेम धरायला बरा.

'साउथ पार्क' या दुसऱ्या कार्टून मालिकेचं गणित उलटं, तिथे एक भाग सहा दिवसांत तयार होतो. 'वॉचमेन' हा सुपरहिरोंचा सिनेमा ६ मार्च २००९ला अमेरिकेत लागला आणि १८ मार्चला यांचा 'द कून' हजर! मुखवटे घातलेली शाळकरी पोरं रात्रीच्या छपरांवर उभी राहून ख्रिश्चन बेलच्या बॅटमॅनसारखा घसा खरवडत बोलतात. तेव्हा धमाल वाटली असणार. आज पाहताना त्यातले काही टोमणे शिळे लागतात.

पण २०१०मध्ये याच टोळीच्या गोष्टीत कॅप्टन हाइंडसाइट आला, आणि तो मला अजून पुरून उरतो. वरातीमागून घोडं हीच याची महाशक्ती. इमारतीला आग लागलीय, वर माणसं अडकलीत. हा उडत येतो आणि खाली जमलेल्यांना समजावून सांगतो की बांधतानाच वरच्या मजल्यांना बाहेरून जिने ठेवायला हवे होते. लोक धन्य होऊन आभार मानतात, कॅप्टन उडून जातो. हा कुठल्याही कॉमिकवरून बेतलेला वाटत नाही. दुर्घटनेच्या संध्याकाळी वृत्तवाहिनीवर येऊन बसणारे तज्ज्ञ पाहिलेत ना, तो त्यांच्यातला आहे. फक्त याला केप आहे.