नव्या क्रीडामोटारीचे इंजिन रुळवणे : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

उच्च कार्यक्षमतेच्या क्रीडामोटारीचे इंजिन कारखान्यातून तपासणी होऊनच बाहेर पडते. तथापि त्याच्या घडणीचा अखेरचा टप्पा रस्त्यावर, चालकाच्या हातून पूर्ण होतो. या टप्प्यास ‘रनिंग-इन’ अर्थात इंजिन रुळवणे असे म्हणतात. याविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. नवे इंजिन अत्यंत हळुवारपणे चालवावे, असे एक मत. तर ते आरंभापासूनच पूर्ण क्षमतेने चालवावे, असे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांचा घर्षणशास्त्राच्या आधारे विचार केला आहे.

रुळण्याची प्रक्रिया

सिलिंडरच्या आतील भिंतीवर होनिंगद्वारे परस्परांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा हेतुपुरस्सर कोरल्या जातात. या रेषांत तेल टिकून राहते, तर त्यांच्यामधील सूक्ष्म उंचवटे पिस्टन-रिंगच्या घर्षणाने झिजून सपाट होतात. अशा रीतीने रिंग व भिंत एकमेकींशी जुळतात आणि ज्वलनवायू क्रँककेसमध्ये झिरपण्याचे प्रमाण घटते. मात्र रिंग भिंतीवर घट्ट दाबली जाण्यासाठी तिच्यामागे शिरणाऱ्या वायूचा दाब आवश्यक असतो. इंजिनावर भारच पडू दिला नाही, तर हा दाब अपुरा राहतो, भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर साचू शकतो आणि इंजिन पुढे अधिक तेल खाऊ लागते. पहिल्या मताची मर्यादा येथे स्पष्ट होते.

दुसरे मतही निर्धोक नाही. पिस्टनचे जडत्वबल इंजिनाच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पृष्ठभाग पुरते जुळण्यापूर्वीच गती कमाल मर्यादेस नेल्यास उंचवट्यांवर तीव्र उष्णता निर्माण होते, तेलाचा पापुद्रा तुटतो आणि भिंतीवर ओरखडे उमटतात.

एक उदाहरण

सन २००० मध्ये बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३ (ई-४६) या मोटारीचे ३.२ लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटास ८००० फेऱ्यांपर्यंत जात असे. पहिल्या २००० किलोमीटरांत मात्र ५५०० फेरे व ताशी १७० किलोमीटर ही मर्यादा उत्पादकाने घातली होती. या मर्यादेत जडत्वबल कमाल मूल्याच्या निम्म्याहूनही कमी राहते. त्याचबरोबर गती सतत बदलती ठेवण्याची सूचना होती. त्यामुळे रिंगवर निरनिराळ्या प्रमाणात भार पडत राहतो. २००० किलोमीटरनंतर तेल बदलले जाई, कारण झिजेतून सुटलेले धातूचे सूक्ष्म कण त्यात मिसळलेले असतात.

अचूक यंत्रणामुळे ही दक्षता आता अनावश्यक झाली, असा युक्तिवाद केला जातो. परंतु २०२० च्या शेव्हरोले कोर्व्हेटमध्ये पहिल्या ५०० मैलांपर्यंत खालच्या गिअरमधील टॉर्क इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाद्वारेच मर्यादित ठेवण्यात आला. पूर्वी जे चालकाच्या संयमावर सोपवले जात होते, त्याचा काही भाग उत्पादकाने स्वतःकडे घेतला, एवढाच याचा अर्थ होय.

निष्कर्ष

इंजिन रुळवणे म्हणजे ते केवळ सावकाश चालवणे नव्हे. इंजिन पुरेसे तापल्यावर मध्यम व बदलता भार, मर्यादित फेरे आणि वेळेवर तेलबदल या तीन गोष्टींचा मेळ म्हणजे रुळवणे. भिंतीवरील रेषा एकदाच झिजतात. त्या चुकीच्या रीतीने झिजल्यास सिलिंडरवर पुन्हा होनिंग करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणूनच नव्या इंजिनाच्या बाबतीत आरंभीच्या प्रवासाचे महत्त्व असाधारण आहे.