छातीचं ऑपरेशन : घरच्यांनी आधी समजून घ्यावं

जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण जी व्यक्ती स्वतःला पुरुष मानते तिला ट्रान्स पुरुष म्हणतात. काही जण स्वतःला बाई किंवा पुरुष यापैकी काहीच मानत नाहीत, ते नॉन-बायनरी. यांच्यापैकी अनेकांना आपल्या छातीचाच त्रास होतो. आरशासमोर उभं राहणंही नकोसं होतं. ऑपरेशन मात्र प्रत्येकालाच हवं असतं असं नाही.

घरात या विषयावर बोलायची सोय नसते, म्हणून मुलं चोरून क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टीने छाती आवळतात. धोका इथेच आहे. श्वास अडतो, बरगड्या दुखावतात, कातडी सोलते. बाइंडर नावाचं खास कपडं मिळतं. तेही मापाचं हवं, आठ तासांपेक्षा जास्त नको आणि झोपताना तर नकोच.

ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन स्तनाच्या ग्रंथी आणि जादा त्वचा काढतात. छाती लहान असेल तर स्तनाग्राभोवती छोटा छेद पुरतो. मोठी असेल तर दोन्हीकडे आडवे छेद घेतात आणि स्तनाग्र लहान करून नव्या जागी बसवतात. त्यानंतर काही दिवस नळी, काही आठवडे घट्ट जॅकेट, महिना-दीड महिना जड उचलणं बंद. रुकू-सजदा जमत नसेल तर आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढायची सवलत आहेच.

रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, कायमचे वण, संवेदना कमी होणं हे धोके आहेत. पुढे बाळाला दूध पाजणं बहुधा शक्य होत नाही. काढलेलं परत येत नाही, म्हणून घाई नको. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग अनुभवी प्लास्टिक सर्जन.

शरीयतचं काय? खुन्सा, म्हणजे जन्मतःच शारीरिक लक्षणं संमिश्र असलेल्यांच्या इलाजाला उलेमा परवानगी देतात. इतरांसाठी बहुतेक सुन्नी उलेमा हे ऑपरेशन नाजायज मानतात. इराणमध्ये आयतुल्ला खोमेनींनी 1980 च्या दशकात परवानगीचा फतवा दिला. मसअला जाणत्या आलिमांना जरूर विचारा. पण लेकराला मारणं, कोंडणं, घराबाहेर काढणं याला कुठल्याच फतव्याचा आधार शोधू नका.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात सांगितलं, की ओळखीसाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही. आणि अशा व्यक्तींना "बदलून" टाकण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं.

"निकाह लावून दिला की ठीक होईल" हा इलाज नव्हे, त्यात दोन आयुष्यं नासतात. ऑपरेशनला तुमची हरकत असू शकते. तरी डॉक्टरकडे लेकरासोबत जा, शेजारी बसा, तुमचे प्रश्नही तिथेच विचारा.