धड घरचा नाही, धड रानाचा नाही

पिल्लू असताना तो कुणाच्या तरी घरी लाडाने वाढतो. दीड-दोन वर्षांचा झाला की चित्र पालटते. तो कुंपणाखाली माती उकरतो, सोफे फाडतो, पाहुणा दिसताच कोपऱ्यात दडतो. शेवटी मालक हात टेकतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील ‘वाइल्ड स्पिरिट’ किंवा कॅनडात अल्बर्टातील ‘याम्नुस्का’ यांसारख्या आश्रयस्थानांत येणाऱ्या अनेक वुल्फडॉगची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. दोघांचीही गुणसूत्रे ७८ असल्याने त्यांची पिल्ले प्रजननक्षम असतात. मात्र स्वभाव कुणाचा उतरेल, हे सांगता येत नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन किमान १५ हजार वर्षे झाली. तेवढ्या काळात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रतीही त्याच्यात वाढल्या, म्हणून तो भाकरीवर जगतो. लांडग्यात हा बदल झाला नाही. शिवाय लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे असतानाच, डोळे-कान नीट काम करू लागण्याआधी, केवळ वासावर जग चाचपू लागते. कुत्र्याचे पिल्लू हेच चौथ्या आठवड्यात करते. लहानपणापासून माया लावली तरी हा फरक पुसला जात नाही.

आश्रयस्थानात त्याला उंच कुंपण मिळते, उकरून पळू नये म्हणून जमिनीतही जाळी असते. खायला मांस, लपायला झाडोरा आणि बहुधा एखादा जोडीदार. नसबंदी केली जाते. माणसाजवळ यायचे की नाही, हे त्याचे तो ठरवतो.

हे अंतर त्याच्या जिवासाठीही गरजेचे आहे. अमेरिकेत कुत्र्यांची रेबीज लस वुल्फडॉगसाठी मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे लस टोचलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने तो सहसा लस न घेतलेलाच ठरतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. रेबीज असेल तर तेवढ्यात तो आजारी पडतो किंवा मरतो. वुल्फडॉगबाबत अशी मुदत सिद्ध झालेली नाही. मेंदूच्या तपासणीशिवाय खात्री होत नाही आणि ती जिवंतपणी करता येत नाही. एका चाव्याची किंमत म्हणून त्याचा जीव जाऊ शकतो.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. पुणे जिल्ह्याच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले. गावकुत्री माळावर भटकली की संकराबरोबर रेबीज आणि डिस्टेंपरही लांडग्यांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून माळालगतच्या कुत्र्यांचे लसीकरण आणि नसबंदी महत्त्वाची. तिथे वेगळ्या रंगाचे, गोंडस पिल्लू दिसले तर घरी आणू नये, वन विभागाला कळवावे. असा प्राणी चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे गंभीर, श्रेणीत धरला जातो. त्यात लशीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.