मातीचा किल्ला आणि वाट पाहणारे घर

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचे किल्ले रचू लागतात. दगडमातीचे बुरूज उभे राहतात, उतारावर हळीव उगवतात आणि तटावर चिमुकले मावळे पहारा देतात. महाड तालुक्यातील मुलांना तर किल्ला पाहण्यास दूर जावे लागत नाही. रायगड त्यांच्याच तालुक्यात आहे.

या खेळातील युद्ध मात्र फार सोपे असते. पडलेला मावळा आपण उचलतो व पुन्हा उभा करतो. खऱ्या युद्धात पडलेला शिपाई उठत नाही, आणि त्याच्या घरी रिकामी झालेली जागा कोणत्याही विजयाने भरून निघत नाही. हे दुःख खेळातून सांगता येईल काय?

नाविद खोनसारी यांनी तसा प्रयत्न केला आहे. त्यांचे बालपण इराणमध्ये गेले. तेथे १९७८-७९ मध्ये शहाच्या राजवटीविरुद्ध क्रांती झाली. ८ सप्टेंबर १९७८ रोजी, शुक्रवारी, तेहरानच्या जालेह चौकात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पुढे १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे इराण-इराक युद्ध चालले. खोनसारी कुटुंब देश सोडून कॅनडात गेले.

मोठेपणी खोनसारींनी त्या क्रांतीवर एक व्हिडिओ गेम तयार केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळणारा रेझा नावाचा तरुण छायाचित्रकार होतो. त्याच्या हाती बंदूक नसते, कॅमेरा असतो. त्याचा सख्खा भाऊ शहाच्या बाजूचा, तर चुलतभाऊ क्रांतिकारकांच्या. कोणाचे ऐकावे, कोणाला वाचवावे, हे त्याला क्षणात ठरवावे लागते. खोनसारींच्या घरातील जुन्या चित्रफितीही या खेळात आहेत. त्यामुळे खेळणाऱ्याला कळते की, इतिहासातील गर्दी ही कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ यांचीच असते.

अशी घरे आपल्याकडेही आहेत. महाडशेजारच्या माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हे मराठा पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील लढाईत सोबतचे सर्व जवान ठार वा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. ते ठाणे त्यांनी जिंकले. परंतु लगेच गोळ्या लागून ते धारातीर्थी पडले. त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कोठे आहे हे माहीत नाही. कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्यांची चढाई मातीच्या किल्ल्यावर मांडता येईल. पण घरच्यांचे वाट पाहणे कसे मांडणार?

ते आठवणीतूनच कळते, आणि आठवणी जपाव्या लागतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली व ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. अशा संकटात घरासोबत पेटीतील पत्रे आणि भिंतीवरील छायाचित्रेही जातात. मागे उरते ते माणसांनी माणसांना सांगितलेलेच.

मुलांनो, तुमच्या घरातील वा गावातील कोणी सैन्यात होते काय, हे आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आणि येत्या दिवाळीत किल्ला रचाल, तेव्हा त्याच्या पायथ्याशी एक लहानसे घरही करा. गडावर गेलेल्या माणसाची तेथे कोणीतरी वाट पाहत असते.